मागे आमची गाडी आहे

चार दिवसांच्या सहलीतले मी सहा तास मागितले होते. दागिना मागितला नव्हता, परदेश मागितला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा ते दुपारी बारा, महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरणाऱ्या घाटरस्त्यावर मी आणि माझी सायकल, एवढंच. बाकीचे साडेतीन दिवस मी सगळे पॉईंट बघायला तयार होते. सगळ्या पॉईंटांवर एकच दरी वेगवेगळ्या नावांनी दाखवतात, हेसुद्धा मी कुणाला बोलून दाखवणार नव्हते. हे मी लिहून द्यायलाही तयार होते. आता वाटतं, द्यायलाच हवं होतं.

मी बोरिवली पूर्वेला राहते आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज सकाळी चाळीसेक माणसांचं रक्त काढते. हे सांगायचं कारण असं की, माझा हात कधी थरथरत नाही आणि मला राग आलेला सहसा कुणाला कळत नाही. सायकल मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घेतली. दर रविवारी नॅशनल पार्कात जाऊन कान्हेरी लेण्यांपर्यंतचा चढ चढते. पहिल्यांदा गेले तेव्हा शेवटच्या टप्प्यावर उतरून सायकल ढकलत नेली होती आणि ते बघायला माकडं रांगेने बसली होती. आता तीन वर्षांनी माकडं माझ्याकडे बघतही नाहीत. याहून मोठं प्रमाणपत्र मला नको आहे.

विद्याधर, म्हणजे माझा नवरा, स्वभावाने फार चांगला आहे. चांगला म्हणजे तो कुणालाच नाही म्हणत नाही, आणि मग ते निस्तरायला मी असते. जेवताना मी त्याला सहा तासांचं सांगितलं तेव्हा तो वरण वाढून घेत म्हणाला, जा ना, छान आहे. विषय संपला. निदान मला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने दहिसरला त्याच्या मोठ्या बहिणीला फोन केला. शकुवन्संनी नेहमीप्रमाणे विचारलं, काय विशेष? आणि विद्याधरला दुसरं काही विशेष सुचलं नाही.

शकुवन्सं या सहलीला येणारच नव्हत्या. त्यांना गाडी लागते. पण भावजय घाटात एकटी सायकल चालवणार आणि भाऊ हॉटेलच्या खोलीत एकटा बसणार, हे चित्र त्यांना बघवेना. संध्याकाळपर्यंत त्या आणि त्यांचे यजमान बाळभाऊजी आमच्याबरोबर यायचे ठरले होते. बाळभाऊजी मूळचे मालवणचे, गुडघ्याने अधू आणि वेळापत्रकाने पक्के. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वहीत चारही दिवस आखून मोबाइलवर फोटो पाठवला. तिसऱ्या दिवसासमोर लिहिलं होतं : 'स. ६ ते ९ वसुधा (सायकल). ९.१५ नाश्ता.' माझे सहा तास तीनवर आले होते आणि कंसात सायकलला घातलं होतं की खरं तर मला, यावर मी बराच वेळ विचार केला.

मी फोन करून शांतपणे सांगितलं की खाली उतरून वर चढून यायला तीन तासांत मला जमणार नाही. त्यांनीही शांतपणे विचारलं, मग वर चढायचंच कशाला, खालून गाडीत घालून आणू ना? मी म्हटलं, चढण्यासाठीच जायचं आहे. मग त्यांनी फोन वन्संना दिला.

पुढचा अडथळा आमच्या इमारतीत होता. गाडीच्या मागे सायकल लटकवायची चौकट मी एका मैत्रिणीकडून आणली होती. ती नीट बसते का बघायला सायकल खाली न्यायची होती आणि गाडी तासभर गेटसमोर उभी करायची होती. रविवारी मी सायकल खांद्यावर घेऊन तीन मजले उतरते, कारण लिफ्टमधून सायकल न्यायला सोसायटीची मनाई आहे. या वेळी माझ्या हातात ती चौकटही होती, म्हणून मी सरळ विचारलं, एकदा लिफ्ट वापरू का? सरळ विचारणं ही माझी चूक. आमचे सेक्रेटरी हर्षद यांनी अर्ज द्यायला सांगितलं आणि अर्ज कमिटीपुढे ठेवला.

कमिटीत सायकल हे वाहन आहे की सामान, यावर पाऊण तास चर्चा झाली. वाहन असेल तर तिला पार्किंगचं स्टिकर लागतं आणि ती घरात ठेवता येत नाही. सामान असेल तर घरात ठेवता येते, लिफ्टमधूनही नेता येते, पण मग गेटवर सामान बाहेर न्यायचा पास लागतो. मी म्हटलं, सामान. पास मिळाला. तो छापील होता आणि त्यावर 'सदर सदस्य जागा सोडून जात असल्याने' असं आधीच छापलेलं होतं. हर्षद म्हणाले, वहिनी, ते वाचायचं नसतं.

वॉचमनने ते वाचलं. रात्रीच्या जेवणाआधी दुसऱ्या मजल्यावरच्या सुगंधाताई डोळे पुसत वर आल्या. वीस वर्षांचा शेजार आणि आम्ही एका शब्दाने बोललो नाही, याचं त्यांना वाईट वाटलं होतं. मी अर्धा तास खर्च करून त्यांना सायकल, घाट, चौकट आणि पास असं सगळं क्रमाने समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुतण्या बायकोला आणि मोजपट्टी घेऊन हॉल बघायला आला. मी लॅबमध्ये होते. विद्याधरने त्यांना नाही म्हटलं नाही. चहा करून दिला आणि बेडरूमही दाखवली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा आवाज चढवला. विद्याधर म्हणाला, बघायलाच आले होते ना, बघू दिलं. माणसं पंधरा मिनिटांत गेली. आता यावर काय बोलायचं? जो माणूस आपलं घर दुसऱ्याला मोजू देतो, त्याला माझे सहा तास कुणी मोजले तर काय वाटणार?

हर्षद यांची मदत मात्र अजून संपली नव्हती. त्यांनी कधीकाळी मोटरसायकलवरून लडाख केलं होतं आणि तेव्हापासून डोंगर हा विषय सोसायटीत त्यांच्याकडे आहे. जिन्यात विद्याधरला गाठून त्यांनी सांगितलं की घाटात सायकलवाल्याच्या मागे सपोर्ट व्हेईकल पाहिजेच. मोठे सायकलपटूसुद्धा त्याशिवाय निघत नाहीत. पाणी, पंक्चर, प्रथमोपचार, सगळं मागच्या गाडीत. विद्याधर घरी आला तो 'सपोर्ट व्हेईकल' हे दोन शब्द तोंडात घोळवत. मी ताबडतोब नाही म्हटलं. मी एकटी जाणार, पंक्चर मला काढता येतं, पाणी मी पाठीवर नेते. तो बरं म्हणाला. त्याचं 'बरं' ओळखायला मी सत्तावीस वर्षांत शिकायला हवं होतं.

निघालो. सायकल मागे लटकवलेली, दोन्ही चाकं पट्ट्यांनी बांधलेली. पनवेलच्या पुढे एका हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली. सायकलमुळे मागची नंबरप्लेट झाकली जात होती. तो माणूस सभ्य होता आणि त्याचं बरोबर होतं, म्हणून मला त्याच्यावर रागावताही येईना. बाळभाऊजींनी त्याला वहीतल्या वेळा दाखवून आपल्याला किती उशीर होतोय ते पटवायचा प्रयत्न केला. त्याने वही वाचली, परत दिली आणि सायकल उतरवायला सांगितलं.

मग ती आत आली. पुढचं चाक काढून डिकीत, आणि बाकीची सायकल मागच्या सीटवर माझ्या आणि वन्संच्या मध्ये. पुढच्या सगळ्या प्रवासात हँडल वन्संच्या कानाशी होतं आणि साखळीचं काळं त्यांच्या फिक्या पिवळ्या साडीला लागत होतं. दर वळणाला फक्त साडी जरा झटकायच्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. घाट सुरू झाल्यावर त्यांना गाडी लागली आणि आम्ही चार वेळा थांबलो. चौथ्या वेळी रस्त्याच्या कडेला तोंड धुताना त्या मला म्हणाल्या, "तुझी हौस आहे म्हणून हो." मी त्यांच्या हातावर पाणी ओतत होते. ओतत राहिले.

पहिला दिवस उतरण्यात आणि डाग काढण्यात गेला. दुसऱ्या दिवशी वहीप्रमाणे सात पॉईंट झाले. चौथ्या पॉईंटवर मला खाली, खूप खाली, तापोळ्याच्या तलावाची एक निळी पट्टी आणि तिच्याकडे उतरत गेलेला रस्ता दिसला. झाडांत शिरायचा, पुन्हा बाहेर यायचा. मी कठड्याला टेकून तो डोळ्यांनी चालवत होते, तेवढ्यात बाळभाऊजी घड्याळ बघून म्हणाले की या पॉईंटला दहा मिनिटंच दिली आहेत. रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर पुन्हा स्पष्ट सांगितलं : उद्या सकाळी सहाला मी एकटी निघेन, बारापर्यंत येईन, तुम्ही माझ्यासाठी थांबू नका, नाश्ता करून बाजारात जा. सगळ्यांनी माना हलवल्या. एवढ्या एकमताने आमच्या घरात कधी माना हललेल्या नाहीत, तिथेच मला शंका यायला हवी होती.

सकाळी पावणेसहाला मी सायकल घेऊन हॉटेलच्या अंगणात आले, तर आमची गाडी सुरू होती. विद्याधर स्वेटर घालून चालकाच्या जागेवर. बाळभाऊजी शेजारी, मांडीवर वही. मागे वन्सं, कानाला मफलर, मांडीवर डबा. विद्याधर काच खाली करून म्हणाला की तू तुझी जा, आम्ही अजिबात त्रास देणार नाही, फक्त मागे असू. बाळभाऊजी त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "भिया नको गे, आमी मागसून येतव."

मी भीत नव्हते. मी त्यांना तसं सांगितलं, एकदा नाही, तीन वेळा. पण वन्संचं म्हणणं पडलं की एवढ्या पहाटे उठून, गोळी घेऊन, त्या केवळ माझ्यासाठी गाडीत बसल्या आहेत. आता यावर उतरा म्हणणारी बाई मी असायला हवी होते. मी सायकलवर बसले आणि निघाले.

उतारावर सायकल गाडीपेक्षा लवकर वळते, त्यामुळे पहिली दहा मिनिटं मला वाटलं की मी सुटले. थंड वारा कानात शिरत होता, खाली धुकं पसरलेलं, एका शेतात कुणीतरी पाइपने पाणी सोडत होतं. मग मागून हॉर्न वाजला. मी दिसेनाशी झाले म्हणून विद्याधर घाबरला होता. त्यानंतर त्याने युक्ती बदलली. तो मला ओलांडून पुढे जायचा, वळणावर गाडी थांबवायचा, आणि मी येताना दिसले की वन्सं खिडकीतून विद्याधरचा मोबाइल बाहेर काढून माझा व्हिडिओ घ्यायच्या. हात हलव म्हणायच्या. सहाव्या वळणावर मी हात हलवला, कारण त्याशिवाय त्या मोबाइल आत घेत नव्हत्या. ते व्हिडिओ जागच्या जागी सोसायटीच्या ग्रुपवर जात होते, आणि जिथे नेटवर्क असेल तिथे बाळभाऊजी खिडकीतून मला हर्षद यांच्या सूचना वाचून दाखवत होते. वहिनींना सांगा, कोपर वाकवा.

खाली पाण्याच्या काठाशी एका टपरीवर आम्ही चहा घेतला. आम्ही. मी तिथे एकटी पाण्याकडे तोंड करून बसणार होते, हे मी बोरिवलीत तीन आठवडे रोज मनात पाहिलं होतं. त्याऐवजी मी थालीपीठ खात वन्संच्या मळमळीचा वृत्तांत ऐकत बसले. पाणी माझ्या पाठीमागे होतं.

मग चढ सुरू झाला. मी हलका गिअर टाकला, श्वास लावला आणि माझ्या चालीने निघाले. माझी चढावरची चाल म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडी जास्त. आता गाडीला पुढे जाऊन थांबणं जमेना, कारण मग अर्धा तास थांबावं लागायचं. म्हणून विद्याधरने माझ्या मागच्या चाकापासून दहा फुटांवर गाडी ठेवली, पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही बाजूंचे दिवे उघडमीट करत. वन्संना उकडत होतं म्हणून काचा बंद आणि एसी चालू. मला मागे वळून बघायची गरज नव्हती. इंजिनची घरघर माझ्या पाठीवर ऐकू येत होती, कुणी मानेशी श्वास सोडत असल्यासारखी.

रस्ता अरुंद. पाच मिनिटांत आमच्या मागे दोन जीप, स्ट्रॉबेरीचा एक टेम्पो आणि एक एसटी अशी रांग लागली. गाडीचे दिवे बघून त्यांना वाटलं काहीतरी सरकारी आहे, म्हणून कुणी हॉर्नही वाजवेना. शेवटी एसटीचा कंडक्टर उतरून चालत पुढे आला. चालत. तो मला सहज गाठू शकला. माझ्या बाजूने चालत त्याने अदबीने विचारलं, "मॅडम, स्पर्धा आहे का काही? बाकीचे किती मागे आहेत?"

मी थांबले. पाय जमिनीवर टेकवला. त्याला म्हटलं, स्पर्धा नाही, हे माझ्या घरचे लोक आहेत. तो गाडीकडे बघून, मग माझ्याकडे बघून, "अच्छा" म्हणाला आणि परत गेला. त्याच्या त्या 'अच्छा'मध्ये जी कीव होती ती मी आजवर फक्त सुई बघून रडणाऱ्या माणसांना दिली आहे.

विद्याधरने गाडी कडेला घेतली. रांग निघून गेली. एसटीतल्या प्रत्येक खिडकीतून एकेक चेहरा माझ्याकडे बघत वर गेला. मग मी सायकल कठड्याला लावली आणि विद्याधरला खाली उतरायला सांगितलं. तो उतरला. आत दोघं काचेमागे बसून होती. पण आता मला कोण ऐकतंय याचं काही वाटत नव्हतं.

"मी सहा तास मागितले होते, विद्याधर. दर वर्षी नव्हे, जन्मात एकदा. तू तेही वाटून टाकलेस. हर्षदला, वन्संना, भाऊजींना. घर बघायला आलेल्या माणसाला चहा दिलास तसे माझे तास दिलेस. मला कुणाच्या हातून पाणी नको, कुणाचा व्हिडिओ नको. मला एका रस्त्यावर एकटीला राहू दे, एवढं एक वाक्य तुला कुणाला सांगता आलं नाही?"

मला वाटलं तो नेहमीप्रमाणे बरं म्हणेल. तो गाडीच्या बॉनेटवर हात टेकून खाली बघत होता. मग म्हणाला, "रविवारी तू पार्कातून येतेस तेव्हा तुझा चेहरा बघतो मी. आठवड्यात तसा कधी नसतो. तू एकटी असलीस की तुला बरं वाटतं, वसू. मला ते बघायचं होतं, म्हणून मागे आलो. आणि मागे आलो की ते दिसत नाही."

भांडणात असं बोलायचं नसतं. मी एवढी तयारी केली होती, अजून हॉल मोजण्याचा मुद्दा पूर्ण काढायचा बाकी होता, आणि या माणसाने मध्येच असं काहीतरी बोलून ठेवलं की पुढचे सगळे मुद्दे फुकट गेले. मला त्याचाही राग आला. मी सायकलवर बसले आणि निघाले. रागाचा चढाला फार उपयोग होतो, हे कुठलेच सायकलवाले सांगत नाहीत. मी जड गिअरवर चढत होते. मागे गाडी पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं. दुसरं काय करणार होता तो, रस्ता एकच होता.

दोन वळणांनंतर मागची घरघर बदलली. आधी खरखर, मग फुस्स असा मोठा आवाज. मी वळून बघितलं. बॉनेटमधून वाफ येत होती आणि गाडीखालून रस्त्यावर पाण्याचा ओहोळ उताराला लागला होता. इतका वेळ एसी लावून पहिल्या गिअरमध्ये चढ चढवल्यावर रेडिएटरचा पाइप फाटला होता. सपोर्ट व्हेईकल बसलं होतं.

आम्ही चौघं गाडीभोवती उभे राहिलो. मोबाइलला नेटवर्क नव्हतं. मागची रांग मीच पुढे घालवली होती, आणि पुढची एसटी दोन तासांनी होती. उतरताना एका ठिकाणी पत्र्याचं गॅरेज बघितल्याचं सगळ्यांना आठवत होतं, ते इथून आठ-नऊ किलोमीटर वर. बाळभाऊजींचा गुडघा. वन्सं मफलरने वारा घेत दगडावर बसलेल्या. विद्याधर म्हणाला, मी चालत जातो. पण सगळ्यांना दिसत होतं की तिथे एक सायकल उभी आहे आणि ती चालवणारी बाई तिच्याशेजारी उभी आहे.

"मी जाते," मी म्हटलं.

वन्संनी तोंड उघडलं. एकटी, घाटात, हे शब्द त्यांच्या ओठांवर येऊन थांबले, मला ते दिसले. मग त्यांनी तोंड मिटलं आणि डब्यातलं उरलेलं थालीपीठ कागदात गुंडाळून माझ्या पाठीवरच्या पिशवीत सरकवलं. बाळभाऊजींनी घड्याळ बघितलं, वही उघडली आणि लिहायला काही न सुचून बंद केली. विद्याधरने मला हवा बघू का विचारलं. मी नको म्हटलं.

पहिलं वळण गेलं. गाडी दिसेनाशी झाली. दुसरं गेलं. मग काहीच ऐकू येईना. म्हणजे खूप काही ऐकू येत होतं. माझा श्वास, साखळीची बारीक कुरकुर, झाडीत कुठला तरी पक्षी एकच सूर पुन्हा पुन्हा तपासून बघत होता. उजवीकडे झाडं विरळ झाली की पाणी दिसायचं, प्रत्येक वेळी जरा खाली गेलेलं, जरा मोठं झालेलं. मांड्या पेटल्या होत्या. घाम डोळ्यांत जात होता. मी मनातल्या मनात विद्याधरशी भांडत होते. एकटी असताना मला बरं वाटतं हा काय आरोप आहे? दिवसभर लोकांच्या दंडाला पट्ट्या बांधायच्या, संध्याकाळी सगळ्यांना काय हवं ते बघायचं, मग रविवारी दोन तास कुणालाच काही नको असतं, तर बरं नाही वाटणार? हे मी मोठ्याने बोलत होते, हे एका म्हशीने थबकून माझ्याकडे बघितलं तेव्हा कळलं. उत्तर फार चांगलं होतं. फक्त ते त्याने विचारलेल्याचं नव्हतं. त्याने आरोप केलाच नव्हता. त्याला मी तशी बघायची होती, आणि गेल्या तीन वर्षांत 'चल, पार्काच्या फाटकाशी तरी ये' असं मी त्याला एकदाही म्हटलं नव्हतं. याचा मला फार राग आला. एवढ्या मोकळ्या रस्त्यावर तो कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून पायांवर काढला.

एका चढावर मला वाटलं की आता उतरून ढकलावी लागणार. नाही उतरले. कुणी बघत नव्हतं, व्हिडिओ नव्हता, आणि तरी नाही उतरले.

गॅरेज आलं. शेजारी चहाची टपरी. मिस्त्री माझ्याच वयाचे, बाकड्यावर बशीत चहा ओतून बसले होते. मी दम सावरत सगळं सांगितलं. कुठल्या वळणाच्या पुढे, कुठली गाडी, पाइप, पाणी. त्यांनी विचारलं, किती माणसं आहेत, कुणी आजारी वगैरे? मी म्हटलं, तिघं आहेत, सावलीत आहेत, पाणी आहे. तेव्हा त्यांनी माझ्याकडे, मग सायकलकडे, मग रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तिथनं हिच्यावर आलात? एकट्या?"

"एकटी," मी म्हटलं. हा शब्द इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी प्रश्न म्हणून विचारला होता, सूचना म्हणून नव्हे.

त्यांनी बशी खाली ठेवली. स्कूटरला पाण्याचा कॅन बांधला, पाइपाचा तुकडा आणि पकड पिशवीत टाकली. म्हणाले, मागे बसा, सायकल इथे सुरक्षित राहील. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. ते गेले. मी भज्यांची एक प्लेट मागवली, मग दुसरी. थालीपीठही खाल्लं, चांगलं होतं. टपरीवाल्या बाईंनी काही विचारलं नाही. त्या निवडत होत्या ती पालेभाजी निवडत राहिल्या. त्यांच्या शेजारी बसून मी तासभर एक अक्षर बोलले नाही. तीन आठवड्यांत एवढी चांगली गोष्ट माझ्या वाट्याला आली नव्हती.

साडेअकराच्या सुमाराला आमची गाडी वर येताना दिसली. आधी मिस्त्रींची स्कूटर, मागे ती, दिवे बंद, काचा उघड्या. मी प्लेट खाली ठेवून तयार झाले. आता थांबणार, वन्सं उतरणार, किती दमलीस म्हणणार, सायकल आत घालू म्हणणार, हर्षद यांना फोन लागणार. माझी वाक्यं तयार होती.

गाडी टपरीशी आली. मागच्या खिडकीत वन्संचं तोंड हलत होतं, थांब म्हणत असणार. विद्याधरने माझ्याकडे बघितलं. बऱ्यापैकी बघितलं, वळणावर बघू नये एवढा वेळ. मग स्टिअरिंगवरचा एक हात उचलला आणि गाडी न थांबवता पुढे नेली. आमच्या लग्नाच्या सत्तावीस वर्षांत बहिणीला नाही म्हणताना मी त्याला पहिल्यांदा पाहत होते, आणि तेही बंद तोंडाने.

गाडी झाडांमागे गेली. मिस्त्री परत बाकड्यावर येऊन बसले, म्हणाले, साहेबांनी पैशांचं बघितलंय, आणि निरोप आहे की बारा वाजले तरी चालतील.

मला पुन्हा राग आला. बारा वाजले तरी चालतील हे ठरवणारा तो कोण? मी हेल्मेट घातलं, सायकल वळवली आणि ज्या रस्त्याने चढून आले होते तोच रस्ता पुन्हा उतरायला लागले, पाण्यापर्यंत. परत चढताना पाय उचलणार नाहीत हे मला माहीत होतं, दुपारचं ऊन होणार हेही माहीत होतं. पण हे मी त्याचा निरोप येण्याआधीच ठरवलं होतं. दुसऱ्या भज्यांच्या प्लेटच्या वेळी. टपरीवाल्या बाई साक्षीला आहेत.